कसुराची ओळ

आमच्या गावात नऊ वर्षांपासून एक वाक्य फिरतं आहे : मुनशीच्या बायकोनं म्हातारपणी घर टाकलं. नळावर ते ऐकू येतं, लग्नाच्या मांडवात येतं, कापूस वेचायला निघालेल्या बायकांच्या ऑटोतही येतं. हे पहिल्यांदा कोण बोललं, ते कोणी शोधलं नाही. शोधायची गरजच नव्हती. शंभर रुपयांच्या स्टँप कागदावर, पाच पंचांच्या सह्यांच्या वर ते लिहिलेलं होतं. लिहिणारा मुनशी मीच, आणि लिहिलेलं खोटं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला दोन-तीन शहाण्यांनी सुनावून झालं आहे. माझी मूठ नऊ वर्षं झाकलेली होती. तिच्यात दुसऱ्याचं नाव चिरडलं जात होतं. आता मी बाहत्तर वर्षांचा आहे, एका डोळ्यानं अंधुक दिसतं, पण हात अजून थरथरत नाही. तोवर हे लिहून टाकतो. ज्याला लाज वाटेल त्यानं वाचू नये. मला वाटायची तेवढी वाटून झाली.

मुनशी हे माझं नाव नाही. आदिलाबादकडे, भीमपूरच्या बाजूला एका सरकारी शाळेत मी कारकून होतो. आजा दुसऱ्याच्या शेतावर राबला, बापानं मला मराठी शाळेत घातलं, इकडचं सरकारी कामकाज तेलुगूत, म्हणून नोकरीच्या ओढीनं ती मी स्वतः शिकलो. अक्षर बरं होतं. रविवारी ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, पहाणीतली, म्हणजे सातबाऱ्यातली, चूक, विजेच्या मीटरची दरखास्त. मराठीत सांगा, मी तेलुगूत उतरवतो, अशी माझी ख्याती. त्यातच सोडचिठ्ठ्याही यायच्या.

आमच्याकडे नवरा-बायकोचं जमेनासं झालं की पाच वडीलधारी माणसं बसतात, दोघांसमोर एक काडी मोडतात, झालं. याला काडीमोड म्हणतात. अलीकडे काडीसोबत स्टँपावर चिठ्ठीही लिहितात. त्या चिठ्ठीत कसूर कोणाचा, हे लिहावं लागतं. कसूर लिहिल्याशिवाय पंच सही करत नाहीत. उद्या कोणी विचारलं की यांचं का मोडलं, तर कागदाकडे बोट दाखवता यावं, एवढीच त्यांची काळजी. आणि कसूर बाईचाच निघतो. पंच पुरुष, स्टँप आणणारा पुरुष, लिहिणाराही पुरुष. माझ्याकडे तर ओळ तयारच होती. तेलुगूत होती, इथं मराठीत देतो : "सदर बाई विनाकारण घर सोडून गेली असून वारंवार समजावूनही नांदण्यास आली नाही, तिचे वर्तन संसारास योग्य नाही." किती चिठ्ठ्यांत ही ओळ मी लिहिली ते आठवत नाही. पेन टेकवला की हात आपोआप वळायचा.

आता तिच्याविषयी. ती अंगणवाडीची टीचर होती. तिचं शिक्षण मराठीत झालेलं, तेलुगू बोलायला कामापुरती यायची, वाचायला अडखळत. महिन्याचे रिपोर्ट तेलुगूत लागायचे. मुलं किती, वजन किती, अंडी किती आली, किती वाटली. ते मी लिहायचो, ती खाली सही करायची. चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या हातचा कागद तिनं कधी वाचून पाहिला नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा. केवढा विश्वास, असं मी शाळेत सांगायचोसुद्धा.

मी रिटायर झालो आणि ओसरी रोजचीच कचेरी झाली. ती अंगणवाडीतून यायची तर घरात चार माणसं बसलेली. तिला भेटायला बायका यायच्या, तर मी ओसरीवरूनच उत्तर द्यायचो. लस उद्या आहे. अंडी आली नाहीत, परवा या. तिचं पोट दुखतं आहे का, असं डॉक्टरनं विचारलं तर मी सांगायचो कुठं दुखतं. मुलीचा फोन आला की स्पीकरवर टाकून आईचं बोलणं मीच पुरं करायचो. मी कधी तिला मारलं नाही, दारू प्यालो नाही, एक पैसा लपवला नाही. गावात मला कोणी वाईट नवरा म्हटलं नसतं. मी फक्त तिचं तोंड वापरत होतो.

एका दुपारी ती सुपात तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "मले एकटीनं राहायचं हाय."

मी विचारलं, "काऊन? काय झालं?"

"काय झालं नाय. तुमी वाईट नाय. पण या घरात मले माझा आवाज ऐकू येत नाय."

भांडण झालं नाही. मला राग आला होता, पण दुसऱ्या दिवसापर्यंत मला कळलं होतं की ती खरं बोलली. मुलगी किनवटकडे दिलेली, तिच्या घरी सुख होतं. तिच्यावर ओझं नको, हे दोघांनाही पटलं. अंगणवाडीजवळ एक खोली भाड्यानं पाहिली. कपाट तिचं, पलंग माझा, गॅस तिला, कारण मी चुलीवर शिकेन म्हणालो. भांडी वाटताना आम्ही दोघंही हसलो होतो, कारण लग्नात आलेले चार एकसारखे पितळी डबे निघाले आणि ते कोणालाच नको होते. वेगळं होणं एवढं सोपं असतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. अवघड मी केलं.

कारण मग पंच आले. मीच बोलावले. गावात कागद नको का, असं माझं म्हणणं. तेव्हा ती एकच गोष्ट बोलली होती : "लगन विहारात लागलं अन् मोड चावडीवर?" तिचं बरोबर होतं. आमच्या बापजाद्यांनी जुन्या चालीरीती सोडून धम्म घेतला. आमचं लग्न त्रिशरण-पंचशील म्हणून लागलं, ना भटजी ना मुहूर्त. पण मोडायची वेळ आली तर आम्हाला जुनी जातपंचायत आठवली, काडी आठवली. मोडायसाठी दुसरी रीत कोणी शिकवलीच नव्हती. मी तिला म्हणालो, रीतच आहे ती, चालते. ती गप्प बसली. माझ्यासमोर ती नेहमी गप्पच बसायची.

शेवटी पंच चावडीऐवजी आमच्या घरीच बसले. काडी म्हणून कोणीतरी कुंपणातली पऱ्हाटी उपटून आणली. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळकं झाड, तिची साल चिवट असते. काडी मोडली पण साल तुटेना. दोन तुकडे सालीला लोंबत राहिले. सगळ्यात वयस्क पंच म्हणाले, "तुटली धरा आता," आणि सगळे हसले. मग मी स्टँप पुढं ओढला.

कसुराच्या जागी आलो. हात थांबला. खरं काय लिहायचं? या बाईला नवऱ्यानं बोलू दिलं नाही? असा कसूर कोण लिहितो? पंच माझ्याकडे पाहत होते. माझ्या हाताला जी ओळ ठाऊक होती ती मी लिहिली. बाई विनाकारण घर सोडून गेली. समजावूनही आली नाही. वर्तन योग्य नाही.

ते लिहीत होतो तेव्हा ती आत चुलीपाशी सगळ्यांसाठी चहा करत होती.

चहा घेऊन बाहेर आली, ट्रे ठेवला, पदराला हात पुसले आणि मी बोट ठेवलं तिथं सही केली. वाचलं नाही. महिन्याच्या रिपोर्टवर करायची तशीच.

त्यानंतरची नऊ वर्षं मी ते वाक्य ऐकत होतो. अंगणवाडीत एका बाईनं तिला तोंडावर सांगितलं होतं की स्वतःचं घर टाकलेली काय आमच्या पोरांना शिकवणार. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं. मी काही केलं नाही. विहारातल्या कार्यक्रमाला बायका तिच्याशेजारी बसायला कचरायच्या, ते मी पुरुषांच्या बाजूनं पाहत होतो. मुलीच्या सासूनं मुलीला टोमणे मारले, मुलगी आईशी दोन वर्षं नीट बोलली नाही. एक शब्द मी बोललो असतो तर हे सगळं थांबलं असतं. लोक मला म्हणायचे, मुनशीबाबा, तुमच्यासारख्या माणसाच्या नशिबी हे का यावं? मी मान हलवायचो. मान हलवायला शब्द लागत नाहीत.

ती पासष्टीची झाली, अंगणवाडीतून रिटायर झाली. एकट्या बाईच्या पेन्शनसाठी अर्ज घेऊन मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, कचेरीत गेली, जोडीला सोडचिठ्ठी. खिडकीतल्या पोरीनं कागद पाहिला आणि सांगितलं, हा चालत नाही. नवरा सरकारी पेन्शनर आहे, कोर्टाचा हुकूम नसेल तर तुम्ही त्यांची बायकोच. वर तिनं म्हातारीला समजावं म्हणून चिठ्ठी हिंदीत करून वाचून दाखवली, सगळी, कसुराच्या ओळीसकट. रांगेतल्या लोकांनी ऐकली.

ती तिथून सरळ माझ्या ओसरीवर आली. दोन माणसं अर्ज लिहून घेत होती. तिनं त्यांना उठायला सांगितलं नाही. त्यांच्यासमोरच चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली.

"हे तुमीच लिवलं?"

"हो."

"मी चहा करत होती तवा?"

"हो."

मी आवाजाची, रडण्याची वाट पाहत होतो. त्यातलं काहीच झालं नाही. ती म्हणाली, "दुसऱ्या बायांचंबी असंच लिवलं असन." मग चिठ्ठी तिथंच सोडून निघाली. पायरीवरून वळून म्हणाली, "कोर्टाचा कागद करा. आता मी वाचून सही करीन."

अर्ज लिहून घेणारे दोघे कधी गेले ते मला कळलं नाही. त्यांचा अर्ज अर्धाच राहिला.

कोर्टाचं ऐकून सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं, आणि हिशोबानं पाहिलं तर त्यांचं चुकतही नव्हतं. माझ्या ओळखीच्या एका रिटायर बाबूनं मला बाजूला घेऊन समजावलं : कागदावर ती तुझी बायको आहे, म्हणजे तू गेल्यावर फॅमिली पेन्शन तिला मिळेल, ती त्या एकट्या बाईच्या पेन्शनपेक्षा कितीतरी जास्त. कशाला कोर्टात जाऊन तिच्या हातचं घालवतोस? मलाही ते पटलं. मी तिच्या खोलीवर जाऊन ते सांगितलं. मनात असंही होतं की यातून माझं थोडं पाप फिटेल. मुलगी तिथंच आली होती, तीही म्हणाली, आई, बाबांच्या पेन्शनीसाठी तरी थांब.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हंजे मी तुह्या बाबाच्या मरणाची वाट पाहत बसू? रोज उठून खोकला ऐकू का कसा हाय?"

मुलगी हसू लागली.

"थोडं भेटन पण जित्तेपणी भेटन," ती म्हणाली. "अन् माझ्या नावानं भेटन."

मी दुसऱ्या दिवशी कामाला लागलो.

आदिलाबादच्या कोर्टाबाहेर एका वकिलाला विचारलं, त्यानं दोघांच्या फीचा मिळून जो आकडा सांगितला तो ऐकून ती पायऱ्या उतरू लागली. दोघांच्या राजीखुशीचं प्रकरण आहे, स्वतः अर्ज करता येतो, हे मला माहीत होतं. कायद्यात वकील लावलाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. मी तसं म्हणालो तर तो वकील हसून म्हणाला, "मुनशीजी, न्हावी सुद्धा स्वतःचं डोकं स्वतः भादरत नाही." मी म्हणालो, "म्हणूनच दोघं आलो. ती माझं भादरेल, मी तिचं." टायपिंगवाला खो-खो हसला. ती हसली नाही, पण पायरीवर थांबली.

त्या आवारात बायकांना फुकट सल्ला देणारी एक खोली आहे. तिथल्या बाईनं आम्हाला काय काय लागतं ते एका कागदावर लिहून दिलं. आधार, राहण्याचा पुरावा, फोटो, दोघांची शपथपत्रं, वर्षापेक्षा जास्त वेगळं राहतो याचा पुरावा, आणि लग्नाचा पुरावा. लग्नाच्या पुराव्यावर आम्ही अडकलो. तेव्हा नोंदणी कोण करत होतं? मोडायसाठी आधी लागलं होतं हे दाखवायला पाहिजे. पत्रिका वाळवीनं खाल्लेली. शेवटी माझ्या पेन्शनच्या कागदातला जोडफोटो सापडला. फोटो काढताना मी तिला सांगितलं होतं, हनुवटी खाली घे. फोटोत तिची हनुवटी खाली आहे. विहारातल्या जुन्या रजिस्टरातही आमची नोंद निघाली. फोटो आणि नोंद दोन्ही जोडलं.

अर्ज तिनं लिहायचा, मी नाही, असं ठरलं. ती मराठीत लिहील, मी तेलुगूत उतरवीन, एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही, आणि मग त्या खोलीतली बाई तेलुगू वाचून तिला सांगेल की मी काय लिहिलं. "तुमचं लिवलेलं मी दुसऱ्याकडून वाचून घेईन," ती म्हणाली. चौतीस वर्षांचा विश्वास एवढ्या एका वाक्यात मोजला गेला. मी मान खाली घातली. आमच्या फेऱ्या वाढल्या. भीमपूरहून बसनं, कधी ऑटोत कोंबून. वाटेत दोन सीटांवर वेगळं बसायचो. डबा मात्र एकच असायचा, तिनं आणलेला. तिथं हॉटेलात खायची आमची ऐपत नव्हती, आणि माझ्या चुलीवरची भाकरी अजून तिला देण्यासारखी झाली नव्हती.

अर्जात तिनं थोडक्यात लिहिलं होतं. आमचं पटलं नाही, नऊ वर्षं वेगळे राहतो, दोघांची खुशी आहे. त्याखाली मी एक परिच्छेद माझ्याकडून जोडला, तिला विचारून : "पूर्वी केलेल्या सोडचिठ्ठीत पत्नीने विनाकारण घर सोडले असे मी लिहिले. ते खोटे होते. त्या वेळी ती घरातच होती. वेगळे होण्याचे कारण माझे वागणे होते." त्या खोलीतल्या बाईनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली की असं काही लागत नाही. मी म्हणालो, लागतं.

पहिल्या पेशीला आम्ही दोघं उभे होतो. मॅजिस्ट्रेट नव्हते, दिवाणी जज होत्या, चाळिशीतल्या बाई. त्यांनी फाईल वाचली आणि हिंदीत विचारलं, "तुमच्यावर कोणी दबाव टाकला आहे का?"

मी म्हणालो, "नाही, मॅडम."

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सवाल मले हाय."

कोर्टात कोणीतरी हसलं. जजबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला हातानं गप्प राहायची खूण केली आणि प्रश्न पुन्हा तिला विचारला. ती मोडक्या हिंदीत बोलली, मध्ये मराठी, मध्ये तेलुगू. पाच-सहा मिनिटं बोलली असेल. मला दोन ठिकाणी शब्द सुचत होते, तिला सापडत नव्हते. मी ओठ दाताखाली धरले. शब्द तिला सापडले, मला सुचलेले नव्हते ते.

मग जजबाई माझ्या त्या परिच्छेदापाशी आल्या. राजीखुशीच्या अर्जात एकमेकांवर आरोप नको, हे काढून टाका, असं तेलुगूत सांगितलं. मी म्हणालो, मॅडम, हा आरोप नाही, कबुली आहे. आरोप आधीच लिहून झाला आहे, नऊ वर्षांपूर्वी, तो मला काढायचा आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, कोर्टाला याची गरज नाही. मी म्हणालो, गावाला आहे. बाजूचे वकील माझ्याकडे असे पाहत होते की म्हातारा आता दंड खाणार. जजबाईंनी पेन ठेवला आणि म्हणाल्या, अर्जात राहू द्या, पण हुकुमात येणार नाही. मग पुढची तारीख दिली, सहा महिन्यांनंतरची. कायदा विचार बदलायला वेळ देतो. सहा महिने माफ करून घ्यायचा वेगळा अर्ज असतो म्हणे, त्यासाठी वकील लावा, असं कोणीतरी बाहेर सुचवलं. ती म्हणाली, "नऊ वर्सं गेली. सा महिन्यानं काय बिघडते."

त्या सहा महिन्यांत माझ्या ओसरीवर तिघं सोडचिठ्ठी लिहून घ्यायला आले. मी लिहिल्या नाहीत. पंचांच्या चिठ्ठीला कोर्ट विचारत नाही, पुढं बाईचेच हाल होतात, हे सांगितलं. आधी बाईला आणा, तिचं म्हणणं ऐकतो, मग कोर्टाचा अर्ज लिहून देतो, असंही म्हणालो. एक जण तसाच दुसऱ्या मुनशीकडे गेला. एक जण बायकोला घेऊन आला आणि ती ओसरीवर असं काही बोलली की तो मध्येच उठून बाहेर बिडी ओढायला गेला. त्यांचा अर्ज मी लिहिला. तिसरा पुन्हा आला नाही. ज्यांच्या आधी लिहिल्या त्या बायांपैकी दोघींना मी शोधून सांगितलं की तुमच्या कागदात काय आहे. एकीनं मला दाराबाहेर उभं केलं आणि दार लावलं. बरोबर केलं.

दुसऱ्या पेशीला दहा मिनिटांत झालं. हुकुमाची नक्कल दोन पानांची आली. त्यात कसुराचा उल्लेख नव्हता, ना तिचा ना माझा. माझी कबुली फाईलमध्येच कुठंतरी राहिली, जिथं गावातलं कोणी कधी जाणार नाही. बसस्टँडवर मी तिला तेच म्हणालो. ती डब्यातली शेवटची चटणी भाकरीला पुसत होती.

"कोर्टात नाय लिवलं होतं तुमी," ती म्हणाली. "जिथं लिवलं, तिथं पुसा."

"चावडीवर बोलावू?"

"लगन जिथं लागलं तिथं."

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात मी उभा राहिलो. पाच पंचांपैकी दोघं वारले आहेत, एक नांदेडला मुलाकडे असतात. दोघं होते. त्यातले एक तेच वयस्क, ज्यांनी पऱ्हाटी तुटली धरायला सांगितली होती. मी ती जुनी चिठ्ठी उलगडली, तेलुगूतली कसुराची ओळ वाचली, तिचं मराठी सांगितलं, आणि म्हणालो की यातलं एक अक्षरही खरं नाही. ती घर सोडून गेली नव्हती. मी तिला बोलू देत नव्हतो म्हणून तिनं वेगळं राहायचं ठरवलं, आणि मी हो म्हणालो. लिहिताना मला माझा कसूर लिहायची हिंमत झाली नाही.

गलका झाला. वयस्क पंच तिथूनच म्हणाले, "म्हातारपणी येड लागलं का तुले? आमच्या सह्या हायत त्यावर. आमाले खोटं पाडून राह्यला का?"

"खोटं मी लिवलं," मी म्हणालो. "तुमी वाचल्याबिगर सह्या केल्या. दोन्ही खरं हाय."

"बाई नव्हतीच घरात. आमाले आठवते चांगलं."

माझ्या जिभेवर उत्तर होतं. मी ते गिळलं. बायकांच्या बाजूला ती उभी राहिली. आवाज मोठा केला नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेला.

"काका, त्या दिवशी चहा कोणं केला होता?"

वयस्क पंच दुसऱ्या पंचाकडे पाहू लागले.

"तुमाले साखर कमी लागते. मी दोनदा विचारलं होतं. तुमी पेले का नाय चहा?"

काकांनी समोर जमिनीकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पेलो."

"मंग मी घरातच होती," ती म्हणाली आणि खाली बसली. तिच्या शेजारच्या बाईनं तिला जागा करून देण्यासाठी पाय आखडून घेतले. नऊ वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

कोणीतरी म्हणालं, ती चिठ्ठी आता जाळून टाका. मी काडेपेटीसाठी खिसा चाचपला. तिनं माझ्या हातातून कागद घेतला. कोर्टाच्या हुकुमासोबत तो प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवला. जाळायचा नाही, म्हणाली, उद्या कोणी काही म्हटलं तर दाखवता येईल. दोन्ही कागद तिच्याकडे आहेत. माझ्याकडे काही नाही, आणि तेच योग्य आहे.

पेन्शनचा अर्ज तिनं स्वतः लिहिला, तेलुगूत. मंडलाच्या कचेरीबाहेर भेटली तेव्हा हातात होता. दोन चुका मला लांबूनच दिसल्या. मी काही बोललो नाही. अर्ज मंजूर झाला.

गावात आता नवं वाक्य फिरतं आहे : मुनशीला म्हातारपणी वेड लागलं, बायकोसाठी पंचांची अब्रू काढली. नळावरही ऐकलं, ऑटोतही ऐकलं. फिरू द्या. हे वाक्य माझ्या नावानं आहे, ते मी सांभाळीन.